शेवटचं चार टक्के पाणी : मळीपासून पेट्रोलपर्यंत

आजचा विषय ऐकायला लहान आहे. अल्कोहोलमध्ये मिसळलेलं पाणी वेगळं कसं करायचं, एवढाच प्रश्न. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, किंवा ज्यांची गाडी पेट्रोलवर चालते, त्या सगळ्यांचा या प्रश्नाशी संबंध आहे. तो कसा, हे आज आपण टप्प्याटप्प्याने पाहू. रसायनशास्त्र शाळेत सोडलं असेल तरी हरकत नाही, आम्ही अगदी सुरुवातीपासून जाणार आहोत.

गुऱ्हाळात पाणी काढणं सोपं का असतं?

दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू या बाजूला गेलात की रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं दिसतात. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चिपाडांचा जाळ असतो. रस उकळतो, वाफ निघून जाते, पाक दाट होत जातो आणि शेवटी गूळ उरतो. उसाच्या रसात बहुतांश पाणीच असतं, ते सगळं उकळून घालवता येतं. कारण साधं आहे. पाणी उडतं आणि साखर उडत नाही. गुळव्याला एकच काळजी असते, पाक करपू नये.

आता हाच रस आंबवला तर काय होतं? यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव साखर खातात आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतात. हिशेबाने १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल मिळू शकतं, बाकीचं वायू होऊन निघून जातं. पण यीस्टला स्वतःचं अल्कोहोल फार सोसत नाही. साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास ते थकतं आणि काम थांबवतं. म्हणजे आंबवलेल्या द्रवात दहातले नऊ भाग पाणीच असतं. आणि इथे गुऱ्हाळाची युक्ती चालत नाही, कारण आता पाणीही उडतं आणि अल्कोहोलही उडतं.

मळी म्हणजे काय, आणि ती येते कुठून?

आपल्याकडे अल्कोहोल मुख्यतः मळीपासून बनत आलं आहे. कारखान्यात रस आटवून साखरेचे दाणे पाडतात. दाणे वेगळे केल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी. तिच्यात साखर असते, पण आणखी दाणे पाडणं परवडत नाही. दाणे पाडण्याचे सगळे टप्पे झाल्यावर उरते तिला ‘सी हेवी’ मळी म्हणतात. एक टप्पा आधी थांबलं तर जास्त साखर असलेली ‘बी हेवी’ मळी मिळते.

एक टन उसामागे सी हेवी मळीतून सुमारे १० लिटर अल्कोहोल मिळतं. बी हेवी वापरली तर सुमारे २० लिटर, मात्र साखर तेवढी कमी पडते. आणि साखर अजिबात न करता सगळा रसच आंबवला तर सुमारे ७० लिटर. हे तीन आकडे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहेत.

भीमेच्या दोन्ही अंगांना असलेला हा पट्टा उसाचाच आहे. दौंड तालुक्यात पाटस, आलेगाव, पाटेठाण. शिरूर तालुक्यात न्हावरे. साखर कारखान्यांमुळे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. गेल्या काही दशकांत साखरेच्या जोडीला आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, हा कारखानदारीचा महत्त्वाचा भाग झाला. दौंडकडे जाताना पुण्याजवळच मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेत साखरेबरोबर अल्कोहोलचं तंत्रही शिकवलं जातं. आणि आसवन्या उभारणारी प्राज इंडस्ट्रीज ही कंपनीही पुण्याचीच. थोडक्यात, हा विषय आपल्या घराजवळचा आहे.

‘पहिल्या धारेची’ या शब्दाचं विज्ञान

पाणी १०० अंशाला उकळतं, अल्कोहोल साधारण ७८ अंशाला. मिश्रण तापवलं की वाफेत अल्कोहोलचं प्रमाण द्रवापेक्षा जास्त असतं. ती वाफ थंड केली की जास्त तीव्र द्रव हाती येतो. याला ऊर्ध्वपातन म्हणतात.

आता आकडे पाहू. द्रवात वजनाने १० टक्के अल्कोहोल असेल तर त्यातून निघणाऱ्या वाफेत सुमारे ५२ टक्के असतं. एका उकळीत दहावरून बावन्न! हातभट्टीवाल्यांच्या भाषेत ‘पहिल्या धारेची’ असा जो शब्द आहे, त्याचं मूळ इथे आहे. सुरुवातीला निघणारी धार सर्वांत तीव्र असते. जसजसं अल्कोहोल निघून जातं तसतशी मागची धार पातळ होत जाते. शब्द आपल्या भाषेत गंमतीने रुळला असला, तरी त्या धारेबरोबर आणखी काय उतरतं हे चवीवरून किंवा वासावरून कळत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. मिथेनॉल नावाचं विषारी अल्कोहोल दिसायला अगदी तसंच असतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं दगावली ती मिथेनॉलमुळेच.

कारखान्यात एकाच उकळीवर थांबत नाहीत. उंच स्तंभ असतो, त्यात एकावर एक अनेक ताटं असतात. प्रत्येक ताटावर वाफ थोडी थंडावते, पुन्हा उकळते, पुन्हा वर जाते. म्हणजे एका स्तंभात अनेक उकळ्या एकामागे एक होतात. बावन्न टक्क्यांच्या द्रवातून सुमारे ७७ टक्क्यांची वाफ निघते. मग त्याहून पुढची.

पण नीट पाहा, प्रत्येक पायरीची उंची कमी होत चालली आहे. पहिल्या पायरीत ४२ टक्क्यांची उडी, दुसऱ्या पायरीत २५ टक्क्यांची. द्रव ९० टक्क्यांचा झाला की वाफ फक्त ९१ च्या जरा पुढे असते. आणि वजनाने ९५.६ टक्क्यांना पोचलं की द्रवातही ९५.६ आणि वाफेतही ९५.६. पायरीच संपली! यापुढे कितीही ताटं लावा, कितीही जाळ घाला, काही फरक पडत नाही. जसं उकळतं तसंच निघतं.

पाणी हट्ट का धरतं?

अशा मिश्रणाला स्थिरक्वाथी मिश्रण म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द ॲझिओट्रोप. साध्या शब्दांत, न बदलता उकळणारं मिश्रण. हे ७८.१५ अंशाला, म्हणजे शुद्ध अल्कोहोलपेक्षाही किंचित कमी तापमानाला उकळतं.

असं का होतं? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून तर पाण्याला उकळायला १०० अंश लागतात. द्रवात पाणी भरपूर असतं तेव्हा पाण्याचा रेणू आपल्या माणसांत असतो, त्याला सोडवत नाही. अल्कोहोल मात्र त्या गर्दीत उपरं असतं, ते पटकन वाफेत निसटतं. म्हणून पहिल्या पायरीत एवढी मोठी उडी मिळाली. आता उलट स्थिती घ्या. द्रवात ९६ टक्के अल्कोहोल आणि चार टक्के पाणी. पाण्याचे मोजके रेणू अल्कोहोलच्या गर्दीत विखुरलेले. धरून ठेवायला शेजारी पाणीच नाही. आता उपरं कोण? पाणी. तेही अल्कोहोलइतक्याच सहजपणे वाफेत जातं. दोघं एकाच वेगाने उडू लागली, तर उकळून त्यांना वेगळं करणार कसं?

पाणी आणि अल्कोहोल यांचं नातं साधं नाही हे आणखी एका प्रयोगातून दिसतं. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल एकत्र केलं तर १०० मिलिलिटर होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. रेणू एकमेकांच्या फटींत बसतात. मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हचा १८६५ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध अल्कोहोल आणि पाणी यांच्या संयोगावरच होता. या जोडीने मोठमोठ्या माणसांना विचार करायला लावला आहे.

आसवनीत जो माल साध्या ऊर्ध्वपातनाने तयार होतो, तो रेक्टिफाइड स्पिरिट. तो आकारमानाने साधारण ९५-९६ टक्क्यांचा असतो. औषधं, रसायनं, मद्य अशा अनेक कामांना ही शुद्धता पुरते. मग शेवटच्या चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

पेट्रोलला पाणी का चालत नाही?

कारण पेट्रोल. पेट्रोल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. अल्कोहोल मात्र दोघांशी जमवून घेतं. म्हणून पेट्रोलमध्ये अल्कोहोल असेल तर त्याच्या आधाराने थोडं पाणीही विरघळून राहतं, पण मर्यादेपर्यंतच. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये १०० लिटरला सुमारे अर्धा लिटर पाणी विरघळून राहू शकतं. त्यापुढे गेलं की थर वेगळे होतात.

आता हिशेब करू. १०० लिटर मिश्रणात १० लिटर अल्कोहोल घातलं आणि ते ९६ टक्क्यांचं असलं, तर सोबत ०.४ लिटर पाणी आलं. मर्यादा अर्ध्या लिटरची, त्यातले चार हिस्से आधीच भरले. मग रात्री थंडी पडली, कारण गारव्यात ही मर्यादा आणखी खाली येते, किंवा टाकीच्या झाकणातून पावसाचं थोडं पाणी झिरपलं, की संपलं. तेच अल्कोहोल ९९.६ टक्क्यांचं असेल तर सोबत येणारं पाणी ०.०४ लिटर, दहावा हिस्सा. भारतीय मानक आयएस १५४६४ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला ९९.६ टक्के ही अट आहे ती याचसाठी.

आणि थर वेगळे झाले की खाली नुसतं पाणी बसत नाही, हे महत्त्वाचं. पाणी अल्कोहोललाही आपल्याकडे ओढून घेतं. टाकीच्या तळाला पाणी आणि अल्कोहोल यांचा थर, वर अल्कोहोल गमावलेलं पेट्रोल. गाडीचा पंप तळातून ओढतो. मग गाडी झटके देते किंवा बंद पडते, आणि आपण पंपवाल्याशी भांडतो.

इथे ब्राझीलचं उदाहरण बोलकं आहे. तिथे नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांच्यात सुमारे ९५ टक्क्यांचं, पाणी असलेलंच अल्कोहोल भरतात. चालतं! कारण टाकीत भांडायला पेट्रोल नाही. पण त्याच ब्राझीलमध्ये पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल मात्र निर्जल लागतं. दोष पाण्याचा नाही, पेट्रोलच्या सोबतीचा आहे.

चुना, बेंझिन आणि चाळणी

उकळून जमत नसेल तर काय करायचं? माणसाने तीन वाटा शोधल्या.

पहिली वाट चुन्याची. कळीचा चुना पाण्यासाठी किती तहानलेला असतो हे घर बांधणाऱ्या जुन्या माणसांना सांगायला नको. तो अल्कोहोलमध्ये टाकला की पाणी घेतो आणि विरी गेलेला चुना होतो. मग अल्कोहोल वेगळं उकळून काढायचं. प्रयोगशाळेत ही रीत उत्तम. पण रोज हजारो लिटर काढायचे म्हटलं तर चुन्याचे ढीग, ओला गाळ आणि त्या गाळात अडकून वाया जाणारं अल्कोहोल. कारखान्याला हे झेपत नाही.

दुसरी वाट तिसऱ्याला मध्ये घालण्याची. १९०२ साली सिडनी यंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं, की या मिश्रणात बेंझिन घातलं तर बेंझिन, पाणी आणि अल्कोहोल या तिघांचं मिळून एक नवं मिश्रण तयार होतं, जे ६५ अंशांच्या आसपासच उकळतं. ते वर निघून जाताना पाणी सोबत घेऊन जातं आणि स्तंभाच्या तळाशी निर्जल अल्कोहोल उरतं. जगभरच्या कारखान्यांनी अनेक दशकं हीच पद्धत वापरली. तिचे दोन दोष. वाफ फार लागते, आणि बेंझिन कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे. पुढे बेंझिनच्या जागी सायक्लोहेक्झेन आलं, पण वाफेचा खर्च तसाच राहिला.

तिसरी वाट चाळणीची, आणि आज आपल्याकडे प्रामुख्याने तीच वापरतात. हिला मोलेक्युलर सिव्ह म्हणतात, म्हणजे रेणूंची चाळणी. ती झिओलाइट नावाच्या पदार्थाची असते. झिओलाइट हा शब्द परका वाटला, तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण फोडला, विहीर खणली, की त्यातल्या पोकळीत कधी कधी पांढरे, गुलाबीसर स्फटिक सापडतात. गावाकडे त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतात. त्यांतले बरेच झिओलाइट असतात. पुण्याहून शिरूरला जाताना वाघोली लागते. तिथल्या खाणींतला निळा कॅव्हान्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. काटेकोर बोलायचं तर तो झिओलाइट नाही, पण ज्या पांढऱ्या स्टिलबाइटवर तो उगवलेला दिसतो, तो झिओलाइटच.

या दगडाचं नाव १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने ठेवलं. असा दगड तापवला तेव्हा तो फसफसला, जणू उकळतोय. म्हणून ग्रीक भाषेतून नाव, उकळणारा दगड. प्रत्यक्षात त्याच्या पोटातलं पाणी बाहेर पडत होतं. म्हणजे या दगडाच्या आत बारीक खोल्या असतात आणि त्यांत पाणी राहतं, हे नावातच आलं.

कारखान्यात निसर्गातला दगड वापरत नाहीत. १९४९ साली अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी युनियन कार्बाइड कंपनीत कृत्रिम झिओलाइट बनवला. त्याच कुळातला ‘थ्री ए’ नावाचा प्रकार इथे लागतो. त्याच्या खोल्यांची दारं ३ अँगस्ट्रॉमची. अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा, तो दारातून आत जातो. अल्कोहोलचा रेणू सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा, तो बाहेरच राहतो.

घरातल्या चाळणीची कल्पना इथे उलटी करून घ्या. पीठ चाळताना बारीक ते खाली पडतं आणि जाड ते चाळणीत राहतं. इथे बारीक ते मण्याच्या पोटात अडकतं आणि जाड ते बाजूने निघून जातं.

दोन टाक्यांची पाळी

प्रत्यक्ष काम असं चालतं. दोन उंच टाक्या असतात, दोन्ही झिओलाइटच्या मण्यांनी भरलेल्या. ९६ टक्क्यांच्या अल्कोहोलची वाफ शंभर अंशांहून जास्त तापवून, दाबाखाली पहिल्या टाकीत सोडतात. मणी पाणी धरतात, खालून निर्जल अल्कोहोलची वाफ निघते, ती थंड केली की माल तयार.

काही मिनिटांत मणी पाण्याने भरत येतात. मग झडपा फिरतात. वाफ दुसऱ्या टाकीकडे वळते आणि पहिल्या टाकीतला दाब उतरवून तिथे निर्वात स्थिती आणतात. दाब उतरला की मणी धरलेलं पाणी सोडतात. तयार झालेल्या निर्जल वाफेचा काही भाग उलटा फिरवून ते पाणी धुऊन काढतात. हे जे पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण बाहेर येतं ते फेकत नाहीत, परत ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाकडे पाठवतात. काही मिनिटांनी पुन्हा अदलाबदल. दिवसरात्र हीच पाळी चालते.

यात गंमत अशी आहे, की पाणी धरताना मणी गरम होतात आणि तीच उष्णता पाणी सोडताना कामी येते. बेंझिनच्या पद्धतीपेक्षा वाफ बरीच कमी लागते, कोणतं विषारी रसायन मध्ये येत नाही, आणि नीट सांभाळले तर तेच मणी कित्येक वर्षं चालतात. मण्यांचे शत्रू दोन : द्रवरूप पाण्याचा अचानक मारा आणि झडपांची घाई. दोन्हींनी मणी फुटून पूड होते. म्हणून या विभागातला ऑपरेटर तापमान आणि दाब यांच्यावर सतत डोळा ठेवून असतो.

चार टक्क्यांवर किती जणांचं पोट आहे?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या देशातल्या प्रायोगिक प्रकल्पांची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २००१ साली मिरज आणि मनमाड इथे, आणि त्यानंतर उत्तर प्रदेशात बरेलीकडे. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, त्यात महाराष्ट्र होता. पुढची बरीच वर्षं कार्यक्रम रखडत चालला. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर आणि बी हेवी मळी व थेट रसापासूनच्या इथेनॉलला वेगवेगळे दर मिळू लागल्यावर वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

शेतकऱ्याच्या बाजूने हे असं पाहा. कायद्याप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ३४० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. पण साखर विकली जाते वर्षभर. गोदामात साखर, कारखान्याच्या डोक्यावर बँकेचं व्याज, आणि बांधावर वाट पाहणारा शेतकरी, हे चित्र या भागात कोणाला नवीन नाही. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर येतो. म्हणून निर्जलीकरणाची सोय असलेली आसवनी आणि नसलेली आसवनी यांत फरक पडतो. स्पिरिटचा ग्राहक वेगळा, पेट्रोलचा ग्राहक वेगळा. तो दरवाजा शेवटच्या चार टक्क्यांनी उघडतो.

दर पाहा. २०२४-२५ साठी सी हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये, बी हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१. मघाचे १०, २० आणि ७० लिटर आठवा. साखर करायची की इथेनॉल, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याला हंगामाच्या तोंडावर सोडवावा लागतो.

आणि हे गणित कारखान्याच्या हातात पूर्णपणे नसतं. २०२३ साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी धास्ती होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप सुरू असताना, केंद्राने रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेइतक्या वापराची मर्यादा घातली. निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, पुढच्या हंगामासाठी. ज्यांनी कर्ज काढून यंत्रं बसवली होती त्यांना त्या मधल्या काळात हप्ते चुकले नाहीत. आता अनेक ठिकाणी मक्यासारख्या धान्यावरही चालेल अशी आसवनी उभारतात. चाळणीला त्याने काही फरक पडत नाही. अल्कोहोल उसाचं असो वा मक्याचं, शेवटचं पाणी सारखंच.

पहिल्या पाण्याचा हिशेब

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. दिवसाला ६० हजार लिटरची आसवनी धरू. चाळणी तिथे रोज काढते ते पाणी दोन-सव्वादोन हजार लिटर. पाण्याच्या टँकरचा एक कोपरा. पण त्याच ६० हजार लिटरसाठी ऊर्ध्वपातनाच्या तळातून जो काळा-तपकिरी द्रव निघतो, ज्याला स्पेंट वॉश म्हणतात, तो मळीवर चालणाऱ्या आसवनीत लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर असतो. आठच धरले तरी रोज ४ लाख ८० हजार लिटर. तो नदीत गेला तर त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे मरतात. ‘मळीमिश्रित पाणी’ हा शब्द आपल्याकडच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येत आला आहे.

यावर उपाय आहेत. स्पेंट वॉशपासून बायोगॅस काढता येतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, राखेत पालाश असतं, ते खताला चालतं. नियमही आता असा आहे, की आसवनीने सांडपाण्याचा थेंब बाहेर सोडायचा नाही. तंत्र आहे, नियम आहे. ते रोज, रात्रपाळीतही पाळलं जातं का, हे पाहणं उरतं.

आणि ही भूमी कुठली? खडकवासल्याच्या, चासकमानच्या आणि घोडच्या पाण्याची वाट पाहणारी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आवर्तन कधी येईल हे विचारत बसणारी. इथे पाण्याचा हिशेब शेवटच्या चार टक्क्यांपुरता ठेवून चालणार नाही.

नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

*हे निर्जल अल्कोहोल सर्वांत शुद्ध, मग पिण्यास सर्वांत चांगलं का नाही?* अजिबात नाही. ते शरीरातलं पाणी ओढून घेतं, तोंड आणि अन्ननलिका भाजते. शिवाय इंधनाचं किंवा औद्योगिक अल्कोहोल पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मुद्दाम पदार्थ मिसळतात. ते चाखूनही पाहू नये.

*उघड्यावर ठेवलं तर ते निर्जल राहतं का?* नाही. हवेतलं बाष्प ते ओढून घेतं. म्हणूनच टाक्या बंद, झाकणं घट्ट, टँकर कोरडे ठेवावे लागतात. चाळणीने कमावलेलं पावसाळ्यात एका सैल झाकणाने घालवता येतं.

*आपण आपल्या गाडीसाठी काय करावं?* टाकीचं झाकण आणि त्याचं रबर नीट ठेवा. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर अर्धवट टाकी टाळा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेत बाष्प असतं. गाडी धुताना झाकणावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. आणि पंपावर शंका आली तर पाण्याची तपासणी करून दाखवा असं सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन स्थिर ठेवलं आणि तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल भरू नका.

काहिलीत पाणी घालवायला जाळ पुरतो. स्तंभात ताटं लागतात. आणि शेवटच्या चार टक्क्यांसाठी दगडाच्या पोटातली खोली लागते. तिन्ही गोष्टी आपल्याच तालुक्यांत, काही किलोमीटरच्या अंतरात, रोज चालू असतात. पुढच्या वेळी कारखान्यावरून जाताना ते उंच स्तंभ आणि शेजारच्या दोन जुळ्या टाक्या दिसल्या, तर आत काय चाललंय हे आता आपल्याला ठाऊक आहे. आणि तिथून बाहेर येणाऱ्या पाण्याचं काय होतं, हे विचारायचं कसं, हेही.